फिलाडेल्फियाचा चीझस्टेक: प्रसिद्ध दुकानापुढे रांग लावावी का, आणि लावलीत तर काय बघावं

फिलाडेल्फियाला निघालात की न्यू जर्सीतलं कुणी ना कुणी सांगतंच, लिबर्टी बेल बघून झाली की चीझस्टेक खायला पॅट्सला जा. शेजारी बसलेला लगेच म्हणतो, छे, ते पर्यटकांचं दुकान, गावातलं कुणी तिथे जात नाही. मग घरातून निघेपर्यंत वाद चालतो आणि शेवटी गाडी लावायला जागा मिळेल तिथे खाल्लं जातं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाइन्थ स्ट्रीटवर पॅट्स आणि जीनोज ही दुकानं समोरासमोर आहेत तो प्रसिद्ध कोपरा एकदा बघावा असा आहे. तिथलं सँडविच ठीक आहे, पण त्यासाठी तासभर ताटकळण्यासारखं नाही. त्याच रस्त्याने उत्तरेकडे पंधरा मिनिटं चालत गेलात तर त्याहून बरंच सरस सँडविच मिळतं. म्हणून एक दुपार काढा, नाइन्थ स्ट्रीटची दोन्ही टोकं गाठा, दोन्हीकडे एकेक सँडविच दोघांत वाटून घ्या आणि स्वतःच ठरवा. खाली जे लिहिलंय ते या बेताला धरून.

आधी बीफचं बोलून घेऊ

चीझस्टेक म्हणजे लांब पावात भरलेलं, तव्यावर परतलेलं पातळ बीफ आणि चीझ. इतकं उघड असूनही भारतातून सुट्टीवर आलेल्या आई-बाबांना हे ऑर्डरच्या खिडकीपाशी पोहोचल्यावर कळतं आणि सगळ्यांचीच पंचाईत होते. घरातून निघतानाच विचारा.

बीफ चालत नसेल तर चिकन चीझस्टेक बऱ्याच ठिकाणी मिळतो. साउथ स्ट्रीटवरचं इशकाबिबल्स त्यासाठीच ओळखलं जातं. पण तवा बहुधा तोच असतो आणि कालथाही तोच. ज्यावर मघाशी बीफ परतलं त्यावरच तुमचं चिकन परतलं जाणार. हे चालणार नसेल तर तसं स्पष्ट विचारा. गर्दीच्या वेळी 'वेगळा तवा नाही' असंच उत्तर मिळेल, आणि ते खरं उत्तर असेल. मशरूमचा किंवा नुसत्या भाज्यांचा चीझस्टेक मागणाऱ्या शाकाहाऱ्यांनाही हेच लागू.

पूर्ण शाकाहारी असाल तर पॅट्सपासून पाचेक मिनिटांवर, टेन्थ आणि रीड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ट्रायँगल टॅव्हर्न आहे. तिथे सेतानचा, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनपासून बनवलेल्या 'मांसा'चा चीझस्टेक मिळतो. हा बार आहे आणि आत मांसाहारही शिजतो, तेवढं लक्षात ठेवा. हलाल हवं असणाऱ्यांसाठी वेस्ट फिलाडेल्फियात, फॉर्टीफिफ्थ आणि वॉलनट स्ट्रीटवर साद्स आहे. पोर्क खात असाल आणि बीफ नाही, तर तुमच्यासाठी या शहरात दुसरं एक सँडविच आहे आणि ते चीझस्टेकपेक्षा चांगलं आहे असं म्हणणारे फिलाडेल्फियाकर कमी नाहीत: रोस्ट पोर्क, वर तिखटसर जुनं प्रोव्होलोन चीझ आणि ब्रॉकोली राब ही कडवट पालेभाजी. रीडिंग टर्मिनल मार्केटमधल्या डिनिक्समध्ये ते खा. मार्केट शहराच्या मध्यावर आहे आणि वर छप्परही आहे.

आपण नक्की काय खाणार आहोत

पॅट ऑलिव्हिएरी आणि त्याचा भाऊ हॅरी १९३० साली दक्षिण फिलाडेल्फियात, इटालियन मार्केट या बाजाराच्या दक्षिण टोकाशी हॉटडॉग विकत. एके दिवशी पॅटने स्वतःच्या जेवणासाठी खाटकाकडून थोडं बीफ आणवलं, कांद्याबरोबर परतलं आणि इटालियन पावात भरलं. तेवढ्यात आलेल्या टॅक्सीवाल्याने वास घेऊन तेच मागितलं. दुकान आजही हीच गोष्ट सांगतं. या गोष्टीत चीझ कुठेच नाही. ते बऱ्याच वर्षांनी आलं आणि आलं ते प्रोव्होलोन. डब्यातलं पातळ, भडक केशरी चीझ व्हिझ हे क्राफ्ट कंपनीचं उत्पादन बाजारात आलं तेच १९५०च्या दशकात. त्यामुळे 'खरा चीझस्टेक व्हिझचाच' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलवा आणि तुम्हाला हवं ते मागवा.

समोरचं जीनोज १९६६चं, जोई व्हेंटोने काढलेलं. रात्री त्याच्या निऑन दिव्यांनी सगळा चौक केशरी दिसतो. आपल्यासारख्यांनी त्याबद्दल एक गोष्ट माहीत असू द्यावी: २००६च्या सुमारास तिथे 'ही अमेरिका आहे, ऑर्डर देताना इंग्रजीत बोला' अशा अर्थाची पाटी झळकली आणि देशभर वाद झाला. शहराच्या मानवी संबंध आयोगाने २००८ मध्ये तो भेदभाव ठरत नसल्याचा निर्णय दिला. व्हेंटो २०११ मध्ये वारला आणि पाटी २०१६ मध्ये उतरली. पाटी नाही म्हणून जावं की होती म्हणून जाऊ नये, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी पॅट्सच्या बाजूला उभा राहतो.

सँडविचचे भाग चारच: पाव, मांस, चीझ, कांदा. मांस बहुधा रिब-आय, म्हणजे बरगड्यांजवळचं, अर्धवट गोठवून कागदासारखं पातळ कापलेलं, कारण मऊ मांस यंत्रावर इतकं पातळ कापलं जात नाही. पुढे दोन पंथ आहेत. एका पंथात चकत्या तव्यावर तशाच ठेवून उलटतात. पॅट्स आणि जीनोज त्यातले. दुसऱ्या पंथात दोन कालथ्यांनी तव्यावरच खटखट बारीक करतात. बारीक केलेल्यात चीझ जास्त मुरतं, चकत्यांत मांस दाताखाली कळतं.

कधी जायचं, कसं पोहोचायचं

वेळ चुकली की सगळंच चुकतं. मधल्या वारी सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी तीन-चारच्या दरम्यान जा. शनिवारची दुपार टाळा. ईगल्स या इथल्या फुटबॉल संघाचा सामना घरच्या मैदानावर असेल तर तो अख्खा दिवस टाळा, कारण मोठी स्टेडियमं दक्षिण फिलाडेल्फियातच आहेत आणि येता-जाता लोक इथेच थांबतात. कोपऱ्यावरची ही दोन दुकानं रात्रभर उघडी असतात. मध्यरात्रीनंतर बार सुटले की पुन्हा रांग लागते. ती बघायला गंमत येते, पण लहान मुलं बरोबर असतील तर नको.

गाडी शक्यतो नेऊ नका. दक्षिण फिलाडेल्फियात जागेची इतकी मारामार आहे की ब्रॉड स्ट्रीटच्या ऐन मधोमध, दोन्ही दिशांच्या रहदारीमध्ये लोक ओळीने गाड्या लावतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पाहुण्यांनी त्यांचं अनुकरण करायचं कारण नाही. न्यू जर्सीहून ट्रेंटनपर्यंत एनजे ट्रान्झिटची आणि तिथून सेप्टा या फिलाडेल्फियाच्या वाहतूक संस्थेची रेल्वेगाडी घेऊन शहराच्या मध्यावर या. सिटी हॉलखालून ब्रॉड स्ट्रीट लाइनची दक्षिणेकडे जाणारी भुयारी गाडी पकडा, एल्सवर्थ-फेडरलला उतरा आणि पूर्वेकडे नाइन्थ स्ट्रीटपर्यंत चाला. दहा-बारा मिनिटांत चौक येतो.

ज्येष्ठ मंडळी असतील तर एक सांगतो: या कोपऱ्यावर आत बसायची सोय नाही. बाहेर बाकं आहेत, ऊन आहे, वारा आहे, आणि जानेवारीत तो वारा हाडांत शिरतो. त्यांना घेऊन साउथ स्ट्रीटवरच्या जिम्समध्ये जाणं जास्त शहाणपणाचं. तिथे वरच्या मजल्यावर टेबलं आहेत. २०२२च्या आगीनंतर ते बंद होतं, २०२४ मध्ये पुन्हा उघडलं.

रोकड जवळ ठेवा. या शहरातली कितीतरी जुनी खाद्यदुकानं वर्षानुवर्षं कार्डाशिवाय चालली आहेत. उलट २०१९च्या कायद्यानुसार बहुतेक दुकानांना रोख पैसे नाकारता येत नाहीत, म्हणजे नोटा बहुतेक ठिकाणी चालतीलच.

रांगेत उभं राहून काय बघायचं

रांगेच्या लांबीवर जाऊ नका, वेगावर जा. पॅट्सची रांग लांबून भीतीदायक दिसते, पण एकेक गिऱ्हाईक अर्ध्या-पाऊण मिनिटात सुटतं. याउलट जिथे प्रत्येक सँडविच ऑर्डर आल्यावर तव्यावर पडतं, तिथे पुढे दहाच माणसं असूनही तुम्ही पाऊण तास उभे राहू शकता. शेवटच्या माणसापासून खिडकीपर्यंतची माणसं मोजा, दोन-तीन मिनिटांत किती पुढे सरकली ते बघा, हिशोब आपोआप होतो.

वेगाची किंमत मात्र तव्यावर दिसते, आणि दुकान जोखायची खरी संधी इथेच असते. खिडकीच्या जवळ आलात की आत बघा. तव्याच्या कडेला शिजलेल्या मांसाचा करडा ढीग पडून आहे का? त्यातूनच पाव भरले जातायत का? असेल तर ते मांस वाफेत बसून कोरडं आणि एकसुरी झालेलं असतं. की लालसर चकत्या तुमच्या डोळ्यांसमोर तव्यावर पडतायत, कडा तपकिरी होतायत? गर्दी जितकी बेताची तितकं ताजं मांस मिळतं असं नेहमीच नसतं. अगदी शुकशुकाट असतानाही ढीग तसाच पडून राहतो. मध्यम गर्दी सगळ्यात चांगली, ढीग सतत संपत राहतो.

कांदाही बघा. तो परतून मऊ, फिकट सोनेरी झालेला हवा. पांढरा आणि करकरीत दिसला तर तुमच्या तोंडातही तसाच येणार.

खिडकीपाशी

पैसे हातात धरा आणि तीन गोष्टी एका दमात सांगा: किती, कोणतं चीझ, कांदा हवा की नको. 'वन व्हिझ विट' म्हणजे एक, व्हिझचा, कांद्यासकट. 'वन प्रोव्होलोन विटाउट' म्हणजे कांद्याशिवाय. 'विथ'चं 'विट' करायलाच हवं असं नाही, सरळ इंग्रजीत सांगितलंत तरी कुणी हसत नाही. पण खिडकीपाशी पोहोचल्यावर वर बघून विचार करायला लागलात तर मागून उसासे ऐकू येतील. २००३ मध्ये अध्यक्षपदाच्या प्रचारात जॉन केरी यांनी पॅट्समध्ये स्विस चीझ मागितलं आणि ती बातमी देशभर फिरली. तुमचं नाव पेपरात येणार नाही, तरी स्विस मागू नका.

चीझ कोणतं? पहिल्याच वेळी खात असाल आणि कोपऱ्यावर खात असाल तर व्हिझ घ्या, निदान एका अर्ध्या भागात. गरम डब्यात बुडवलेली पट्टी पावाच्या आतून एकदा फिरते, त्यावर मांस आणि कांदा एका झटक्यात चेपला जातो आणि पाव मिटतो. चव खारट, थोडी आंबूस, सगळं झाकून टाकणारी. मांस सामान्य असेल तर व्हिझ त्याला सांभाळून घेतं. मांस चांगलं असेल तर व्हिझ त्याची वाट लावतं. म्हणून चांगल्या दुकानात कूपर शार्प मिळत असेल तर ते मागवा. हे अमेरिकन चीझच, पण जरा धारदार, आणि मांसाभोवती एकसारखं वितळतं. प्रोव्होलोन चवीला चांगलं, पण साधं प्रोव्होलोन तारा ओढतं आणि एका कोपऱ्यात गोळा होतं.

फ्राइज आणि थंड पेयांसाठी पॅट्समध्ये वेगळी खिडकी आहे, तिथे वेगळी रांग लावायची. गोड पेय घेतलंत तर शहराचा औंसामागे दीड सेंटचा कर किमतीत शिरलेला असतो, तो २०१७पासून आहे. शिवाय बिलावर एकूण ८ टक्के विक्रीकर. २०२५च्या भावाने एक चीझस्टेक साधारण १५ ते २० डॉलरच्या घरात जातो, त्यामुळे दोघांत एक हा बेत खिशालाही बरा. फ्राइज मी सोडून देतो. पोटात जागा ठेवायचीय.

पहिला घास आणि गुण

कागद लगेच उघडू नका. एक-दोन मिनिटं गुंडाळलेलं राहू द्या. चीझ मांसात उतरतं आणि पावाची आतली बाजू रस पिते. पाच-सात मिनिटांच्या वर गेलं की त्याच वाफेने पाव ओला होतो. म्हणजे हॉटेलवर नेऊन खायचा विचार असेल तर त्या दुकानाबद्दल मत द्यायचा हक्क गमावलात.

उभं राहून खायचं तर पाय थोडे मागे घ्या, कंबरेतून पुढे वाका, कोपर शरीरापासून लांब. रस बुटावर न पडता फुटपाथवर पडतो. आजूबाजूला बघा, सगळे तसेच वाकलेले दिसतील.

आता गुण. दहापैकी पावाला ४, मांसाला ३, चीझला २, कांद्याला १. पावाला एवढं माप का, हे पहिल्या दोन घासांत कळतं. बाहेरून पातळ, किंचित कुरकुरीत साल आणि आत चिवटपणा असलेला गाभा हवा. गोव्याच्या उंडोची साल जाड आणि टणक असते, तितकी नको. पण दाबल्यावर बोटाची खूण तशीच राहावी इतका मऊही नको. मांसाचा रस आणि चीझ पेलून शेवटच्या घासापर्यंत तो फाटता कामा नये. अर्ध्यावरच तळ सुटला, मांस हातावर आलं, तर पावाचे दोन गुण तिथेच गेले. मांसात बघायचं ते असं: कुठेतरी तपकिरी, खरपूस कडा लागते का, मीठ आहे का, शिरा दातात अडकतात का. चीझ प्रत्येक घासात आलं पाहिजे. कांदा गोडसर.

कोपऱ्यावरच्या सँडविचला मी दहापैकी सहा देतो, कधी साडेपाच. पाव तिथे मार खातो, मिठात हात आखडलेला असतो. तरी दिवे, घाई, आरडाओरडा आणि समोरासमोरची दोन दुकानं बघण्याचा आनंद वेगळा मोजा. गुणांत मिसळू नका, नाहीतर फोटो चांगला आला म्हणून सँडविच चांगलं वाटायला लागतं.

दुसऱ्या टोकाकडे

इथून नाइन्थ स्ट्रीटने उत्तरेकडे चालायला लागा. वॉशिंग्टन अॅव्हेन्यू ओलांडलं की इटालियन मार्केटचा गजबजलेला भाग सुरू होतो: फुटपाथवर भाजीचे ठेले, मासेवाले, खाटकांची दुकानं, १९३९पासूनचं डि ब्रुनो ब्रदर्सचं चीझचं दुकान. डि ब्रुनोमध्ये डोकावलात तर जुन्या, तिखटसर प्रोव्होलोनचा एक तुकडा चाखायला मागा. मघाशी पावात होतं ते आणि हे यांतला फरक तिथेच कळेल.

फिट्झवॉटर स्ट्रीटजवळ अँजेलोज पिझ्झेरिया येतं. डॅनी डिजियामपिएत्रोचं हे दुकान दक्षिण फिलाडेल्फियात २०१९ मध्ये आलं, म्हणजे वयाने कोपऱ्यावरच्या दुकानांच्या नातवंडांच्या पिढीतलं. ते पाव स्वतः भाजतात, आणि सगळा फरक तिथूनच सुरू होतो. पावाची साल फुटताना आवाज येतो. अभिनेता ब्रॅडली कूपरने याच मालकाबरोबर भागीदारीत २०२४च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये चीझस्टेकचं दुकान काढलं. २०२५ मध्ये मिशेलिन गाइडने रास्त दरातल्या चांगल्या खाण्यासाठी दिला जाणारा बिब गुरमाँ अँजेलोजला आणि रॉक्सबरोतल्या डॅलेसँड्रोजला दिला, तेव्हापासून गर्दीचं तर विचारूच नका.

इथे बसायला जागा नाही, रांग सावकाश सरकते आणि माल संपला की संपला. जायच्या दिवशी सकाळीच वेळा तपासा. सँडविच मोठं असतं. दोघांनी एक घेतलं तरी शेवटचा तुकडा कुणी खायचा यावर विनवण्या होतात. कूपर शार्प, कांद्यासकट. वर सांगितलेलेच गुण द्या. माझ्या हिशोबात हे नऊच्या आसपास बसतं. उरलेला गुण कापतो तो चीझ जरा जास्त पडतं म्हणून.

मग रांग लावावी का

कोपऱ्यावर पंधरा-वीस मिनिटांत काम होत असेल तर लावा. त्याहून जास्त दिसलं तर फोटो काढा आणि उत्तरेकडे चालू पडा. अँजेलोजला मी पाऊण तासही थांबतो, पण पाऊस पडत असेल किंवा बरोबर भुकेलं पोर असेल तर नाही. शहरात फक्त तीन-चार तास असतील आणि ते लिबर्टी बेल, इंडिपेन्डन्स हॉलच्या बाजूला जाणार असतील, तर दक्षिणेकडे यायची धडपड करू नका. जिम्सपर्यंत चालत जाता येतं, आणि बारीक केलेला चीझस्टेक तिथे व्यवस्थित मिळतो.

गाडी असेल आणि दिवस मोकळा असेल तर दोन नावं आणखी. स्नायडर अॅव्हेन्यूवरचं जॉन्स रोस्ट पोर्क, १९३०चंच, पण पर्यटक तिथे फारसे पोहोचत नाहीत. २००६ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' पुरस्कार मिळाला. नाव पोर्कचं असलं तरी तिळाच्या पावातला चीझस्टेक जबरदस्त, आणि मांस ऑर्डरनंतरच तव्यावर पडतं. रविवारी मात्र बंद. दुसरं डॅलेसँड्रोज, १९६०पासूनचं, शहराच्या वायव्येला. मांस अगदी खिम्यासारखं बारीक, रसाळ. पाव मात्र मऊ, त्यामुळे लगेच खायचं.

उरलं तर

उरतंच. मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, पाव आधी ओला आणि मग चामड्यासारखा होतो. मांस पावातून काढा, तव्यावर मंद आचेवर चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवा, चीझ सैल झालं की आच वाढवून अर्धा मिनिट परता. पाव वेगळा, कोरडाच, दुसऱ्या तव्यावर उलटा दाबून भाजा. घरच्या हिरव्या मिरचीचे दोन तुकडे मांसात पडले तर फिलाडेल्फियाकर नाक मुरडतील, पण तोवर तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये पोहोचलेले असता. आणि गाडीने येणार असाल तर पिशवी डिकीत ठेवा, कांद्याचा वास सीटमध्ये आठवडाभर राहतो.